सोबत्याचा खर्डा कसा वाचावा



यंदा वरच्या वर्गातील मुलामुलींना मी नेहमीपेक्षा निराळे काम दिले होते. प्रत्येकाने रोजच्या वापरातील एखादे यंत्र निवडावे, त्याच्या कळा, पडदा, खुणा व शब्द वापरणाराला कितपत उमगतात हे काही माणसांवर प्रत्यक्ष पाहावे, आणि त्यावर एक लहानसा संशोधनपर लेख लिहावा, असे ते काम. कोणी लिफ्टच्या कळा घेतल्या, कोणी बँकेच्या एटीएमचा पडदा, कोणी रेल्वे स्थानकावरील तिकिटाचे यंत्र, तर कोणी मराठी कळफलक. खर्डा पक्का करण्यापूर्वी तो दोन सोबत्यांना वाचावयास द्यावा व त्यांनी समासात आपला अभिप्राय लिहावा, अशी अट होती. अभिप्रायांसह आलेले सगळे खर्डे मी एका रविवारी घरी घेऊन बसलो. समासांत जे काही लिहिलेले होते, त्याचा बहुतेक भाग दोन वाक्यांत सांगता येण्याजोगा निघाला : ‘छान लिहिले आहे’ आणि ‘शुद्धलेखन सुधारावे’.

ह्यात मुलांचा दोष थोडा व माझा अधिक. दुसऱ्याचा खर्डा वाचा, एवढे मी सांगितले. कसा वाचावा, हे सांगितले नाही. हीच चूक मी पूर्वीही एकदा केली होती, आणि तिचा भुर्दंड एका मुलाला सोसावा लागला. त्या वर्षी सोबत्यांचे अभिप्राय वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्याची चाल मी घातली होती. ह्या मुलाने टीव्हीच्या रिमोटवर लिहिले होते. लेखाची मांडणी विस्कळीत होती, वाक्ये अर्धवट होती. तथापि एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोळ्यांनी टिपली होती : त्याची आजी रिमोटवरील कळा अक्षरे वाचून ओळखीत नसे, झिजलेली कळ कोणती व न झिजलेली कोणती हे अंगठ्याने चाचपून ओळखी. त्याच्या खर्ड्यावर एका चुणचुणीत सोबत्याने असे काही खोचक लिहिले की, ते वाचताच वर्ग हसला. आणि, सांगावयास लाज वाटते, मीही हसलो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने फळ्यावरून उतरवून घेतलेल्या उत्तरांपलीकडे स्वतःचे असे एक वाक्य लिहिले नाही.

यास्तव आजचा हा पाठ. सोबत्याच्या खर्ड्यावर अभिप्राय द्यावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे ज्या विषयावर तुम्ही लिहीत आहात त्याच विषयापासून शिकता येते, असे मला दिसून आले आहे.

इंग्रजीत ज्याला यूजर इंटरफेस म्हणतात, त्याला आपण यंत्राचे दर्शनी अंग म्हणू. यंत्राच्या पोटात काय चालते हे आपणांस दिसत नाही. आपला संबंध येतो तो कळ, दांडा, पडदा, दिवा ह्यांच्याशी. हे अंग जो घडवितो त्याला यंत्राची सर्व माहिती असते, आणि त्याची अडचण नेमकी तीच असते. कोणती कळ कशाची हे त्याला इतके पाठ असते की, तेथे कोणी अडखळेल अशी शंकाही त्याच्या मनात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील एक हकीकत सांगतो. अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानांचे काही वैमानिक विमान सुखरूप खाली उतरविल्यावर, ते धावपट्टीवर धावत असतानाच, पंखांचे फ्लॅप मिटविण्याऐवजी चाके आत ओढणारी कळ हलवीत. (फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागल्या कडेस बसविलेली हलती पट्टी. ती खाली सोडली म्हणजे विमानाला कमी वेगातही हवेचा आधार मिळतो. उतरल्यावर ती पुन्हा मिटवावयाची असते.) अर्थात् विमान पोटावर बसे. ह्या अपघातांची नोंद वैमानिकाची चूक म्हणून होई. १९४३ साली अल्फॉन्स चपॅनिस ह्या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात डोकावून पाहिले, तो त्याला दिसले की, चाकांची कळ व फ्लॅपची कळ ह्या एकमेकींच्या शेजारी असून आकाराने सारख्याच आहेत. त्याने सुचविलेला उपाय अगदी साधा होता : चाकांच्या कळीच्या टोकाला लहानसे रबरी चाक बसवावे आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीचा आकार द्यावा, म्हणजे न पाहताही हाताला फरक कळेल. आजीचा अंगठा रिमोटवर जे काम करीत होता, तेच हे! मला ही हकीकत त्या वेळी ठाऊक होती. पण त्या मुलाचा खर्डा वाचला जात असताना ती आठवली नाही.

युद्धानंतर, १९४७ साली, पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स ह्यांनी वैमानिकांकडून विमानाच्या कळा व दांडे हाताळताना झालेल्या ४६० चुकांच्या हकीकती गोळा करून त्यांचे वर्गीकरण केले. त्यांतील सुमारे निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी हलविल्याच्या होत्या. आपल्या कामाचा भाग ह्यापुढचा आहे. ह्या दोघांनी वैमानिकांस विमान कसे वाटते, असे विचारले नाही. स्वतःकडून किंवा आपल्या देखत दुसऱ्याकडून झालेली एखादी चूक नेमकी कशी घडली ते तपशीलवार सांगावे, असे विचारले. ‘विमान चांगले आहे’ ह्या उत्तराने कारखान्यातील कोणाला काय करता आले असते? ‘पावसात, रात्री, डाव्या हाताने मी अमुक कळ समजून तमुक ओढली’ ह्या उत्तराने मात्र कळीची जागा बदलता येते.

खर्डा हेही एक यंत्रच आहे, आणि वाचक त्याचा वैमानिक. लिहिणाराला आपला लेख पाठ असतो. आपण कोठे पायरी गाळली हे त्याला दिसत नाही, कारण त्याच्या मनात ती पायरी आहेच. सोबती तीवरून घसरतो तेव्हाच ती नाही हे कळते. म्हणून अभिप्राय देणाराचे पहिले काम न्याय करण्याचे नाही, साक्ष देण्याचे आहे : मी कोठे थांबलो, कोणते वाक्य दोनदा वाचले, कोठे पान उलटून मागे गेलो, कोणत्या शब्दाचा अर्थ अंदाजाने लावून पुढे सरकलो. हे सांगावयास मोठी विद्वत्ता लागत नाही. उलट, ह्या कामी वर्गातील मागच्या बाकावरचा मुलगा कित्येकदा पहिल्या क्रमांकाच्या मुलापेक्षा उपयोगी पडतो. कारण हुशार वाचक गाळलेली पायरी मनातल्या मनात स्वतःच भरून घेतो व ती गाळली होती हेही विसरतो.

एक उदाहरण यंदाच्याच वर्गातले घेऊ. दहावीतील एका मुलीने संगणकावर मराठी लिहिण्याच्या दोन रीतींची तुलना केली होती. एक रीत इन्स्क्रिप्टची. तीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, ‘त’ आणि ‘थ’ एकाच कळीवर, वरचे अक्षर हवे असेल तर शिफ्ट दाबावयाची. १९९१ च्या भारतीय मानकात ही मांडणी आहे, आणि देवनागरीप्रमाणेच आपल्या इतर लिप्यांनाही ती लागू पडते. दुसरी रीत रोमन अक्षरांनी मराठी शब्द लिहावयाचा व संगणकाने त्याचे देवनागरी करून द्यावयाचे, ही. मुलीने आपल्या मैत्रिणींना एकच उतारा दोन्ही रीतींनी लिहावयास लावला, घड्याळ लावून वेळ मोजला, चुका मोजल्या, आणि शेवटी ठासून लिहिले की, मराठी माणसाला रोमन रीतच सोपी आहे.

तिच्या खर्ड्यावर पहिल्या सोबतिणीने लिहिले, ‘विषय फार छान. तक्ता सुंदर काढला आहे.’ दुसरा वाचक वर्गात क्वचित् बोलणारा एक मुलगा होता. त्याने तिसऱ्या परिच्छेदापाशी बारीक अक्षरात लिहिले होते : ‘ह्या मुलींपैकी इन्स्क्रिप्ट पूर्वी कोणी वापरले होते काय, हे शोधण्यासाठी मी दोनदा मागे गेलो; सापडले नाही. तसेच सर्वांनी आधी कोणत्या रीतीने लिहिले?’ सगळ्या गठ्ठ्यात माझ्या मते हा सर्वांत मोलाचा अभिप्राय होता. मुलीला मी बोलावून विचारले, तेव्हा कळले की सर्व मैत्रिणी मोबाइलवर कित्येक वर्षे रोमन अक्षरांनीच मराठी लिहीत आल्या होत्या, इन्स्क्रिप्टला त्यांतील एकीनेही कधी हात लावला नव्हता, आणि प्रत्येकीने आधी इन्स्क्रिप्टनेच लिहिले होते. म्हणजे रोमन रीतीची पाळी येईतो उतारा त्यांच्या ओळखीचा झाला होता. मुलीने लबाडी मुळीच केली नव्हती. ह्या गोष्टी तिला इतक्या उघड वाटल्या की, त्या लिहावयाच्या असतात हेच तिला सुचले नाही.

ह्या जातीच्या खर्ड्यात सोबत्याने विशेष करून काय पाहावे, ते ह्यावरून निघते. तपासलेली माणसे कोण होती, नवखी की सरावलेली? त्यांना कोणते काम करावयास दिले? दोन वस्तूंची तुलना असेल तर क्रम सर्वांना एकच होता, की अर्ध्यांनी एकीपासून व अर्ध्यांनी दुसरीपासून आरंभ केला? काय मोजले, वेळ की चुका, की नुसते ‘आवडले का’ असे विचारले? आणि शेवटचे विधान जेवढे पाहिले तेवढेच आहे, की त्याहून फुगले आहे? ह्या शेवटच्या प्रश्नापाशी तुमच्यापैकी बहुतेकांचे खर्डे अडकतील. पाच शेजाऱ्यांवर पाहिलेली गोष्ट ‘भारतीय लोकांना’ म्हणून लिहिण्याचा मोह फार मोठा असतो.

नवखा आणि सरावलेला हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते माउसच्या इतिहासातच दिसते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील विल्यम इंग्लिश, डग्लस एंगेलबार्ट व मेल्विन बर्मन ह्यांनी १९६७ साली पडद्यावरील मजकुराकडे बोट दाखविण्याच्या निरनिराळ्या साधनांची तुलना प्रसिद्ध केली. तीत माउस होता, पडद्याला टेकविण्याची लाइट पेन होती, जॉयस्टिक होती, आणि गुडघ्याने हलविण्याचे एक साधनही होते. सरावलेल्या माणसांच्या हातात माउस सरस ठरला. नवख्यांना मात्र लाइट पेन व गुडघ्याचे साधन ही माउसपेक्षा बरी साधली. लेखकांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदल्या. नुसती नवखी माणसे तपासून कोणी ‘माउस निरुपयोगी’ असे लिहून टाकले असते, तर आपल्या ह्या मुलीचीच चूक तेथे झाली असती.

आता दोन वाचक कशासाठी, एक का पुरत नाही, असे तुम्ही विचाराल. लंडनच्या रॉयल सोसायटीत १८३१ साली विल्यम ह्यूएलच्या सूचनेवरून सभासदांनी नव्या लेखांवर लेखी अभिप्राय द्यावा असे ठरले, आणि पृथ्वी व शुक्र ह्यांच्या गतीवरील जॉर्ज एअरीचा लेख ह्यूएल व जॉन ल्यूबक ह्या दोघांकडे आला. दोघांचे जमेना. ह्यूएलला लेखाचे महत्त्व काय, त्याने शास्त्रात कोणती भर पडली, ते सांगावयाचे होते. ल्यूबकचे लक्ष समीकरणांच्या मांडणीतील उणिवांवर खिळले होते. इकडे एअरीही आपला लेख बदलण्यास राजी नव्हता. अखेर १८३२ साली जो संयुक्त अभिप्राय प्रसिद्ध झाला त्यात वळण ह्यूएलचे राहिले. ही हकीकत मी वाचली तेव्हा प्रथम मला ह्यूएलचे पटले, मागून ल्यूबकचे. आता वाटते की, एकाने दुसऱ्याला गप्प बसविले तेवढेच तेथे वाईट झाले. लेख ज्याचा त्याला दोन्ही हवे असते.

हीच गोष्ट यंत्रांच्या दर्शनी अंगाबाबत पुढे मोजून दाखविली गेली. याकोब नीलसन व रोल्फ मोलिक ह्यांनी १९९० साली चार प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एखाद्या यंत्रणेतील वापरणाराला अडविणारे दोष हुडकून काढा, असे त्यांनी पुष्कळ लोकांना सांगितले होते. एकटा माणूस, त्या चार प्रयोगांच्या सरासरीने पाहता, शेकडा २० पासून ५१ पर्यंतच दोष शोधू शकला. म्हणजे बऱ्याच वेळा निम्म्याहून अधिक दोष त्याच्या नजरेतून निसटले. तथापि तीन ते पाच माणसांच्या याद्या एकत्र केल्या की, फळ पुष्कळच चांगले येई. कारण एकाला दिसलेले दोष व दुसऱ्याला दिसलेले दोष हे पुष्कळदा निरनिराळे असत. ह्यासाठी एक पथ्य मात्र पाळावे लागते : प्रत्येकाने आधी एकट्याने पाहावे व लिहावे, आणि मगच याद्या एकमेकांस दाखवाव्या. आपल्या वर्गात काय झाले? पहिल्याने ‘छान’ लिहिले, दुसऱ्याने ते वाचले व त्याखाली ‘मलाही छान वाटला’ असे लिहिले. पुढील फेरीस म्हणून खर्ड्याच्या दोन निरनिराळ्या प्रती काढल्या जातील.

आणखी एक रीत ह्याच क्षेत्रातून उचलण्यासारखी आहे. क्लेटन लुइस ह्याने आय.बी.एम. कंपनीत असताना १९८२ साली तिची मांडणी केली. यंत्र वापरणाराने वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलत जावे : ‘आता मी ही कळ दाबतो, कारण... अरे, हे काय झाले?’ आणि यंत्र करणाराने शेजारी गप्प बसून ऐकावे. मदत करू नये, समजावू नये. आम्ही गेल्या आठवड्यात हे खर्ड्यांवर करून पाहिले. एकाने सोबत्याचा खर्डा मोठ्याने वाचावा, वाचताना मनात येईल ते बोलावे, आणि लेखकाने तोंड मिटून पेन्सिलीने खुणा कराव्या. वाचणाराला हे सहज जमले. लेखकांना मात्र गप्प बसणे फार जड गेले. दर दोन ओळींनी ‘अरे, म्हणजे मला असे म्हणायचे होते की’ हे शब्द ऐकू येत. पण छापलेल्या पानाबरोबर लेखक जात नाही. जे तोंडाने समजावून द्यावे लागले, ते खर्ड्यात लिहावयाचे राहिले आहे असे समजून तेथे खूण करावी.

लेखकाने सर्वच अभिप्राय मानावे काय? नाही. येथे दोन गोष्टी निवडून काढाव्या लागतात. सोबती अडखळला, ही घडलेली गोष्ट. तिच्याशी वाद घालता येत नाही. ती जागा कशी दुरुस्त करावी, हे त्याचे मत. ते चुकीचेही असू शकते. तिकिटाच्या यंत्रावर लिहिणाऱ्या मुलाला एकाने सुचविले होते की, चौथा परिच्छेद गाळून टाक, तो कळत नाही. तो परिच्छेद गाळला असता तर लेखाचा कणाच गेला असता. परंतु तो कळत नव्हता हे खरे होते. मुलाने आधीच्या परिच्छेदात पडद्याची एक आकृती घातली, आणि चौथा तसाच ठेवला. आता तो कळतो.

राहिला भाषेचा प्रश्न. खोचक लिहिणे हे अभिप्रायाचे धैर्य आहे, असा एक समज हुशार मुलांत असतो. त्या रिमोटच्या खर्ड्यावर जे लिहिले गेले ते लिहिणाराविषयी होते, खर्ड्यातल्या कोणत्याही ओळीविषयी नव्हते. त्यावरून एक शब्दही सुधारता आला नसता. उलट ‘छान आहे’ हेही तितकेच निरुपयोगी. काय छान आहे ते ओळ दाखवून सांगा. ‘आजी झिजेवरून कळ ओळखते, हे मी कोठे वाचले नव्हते, ह्याविषयी अजून लिही’ असे एक वाक्य त्या वेळी समासात असते, तर पुढे काय झाले असते कोण जाणे. ते मी तरी लिहावयास हवे होते. माझ्या हातात तांबडी पेन्सिल होती.

कळफलकावर लिहिणाऱ्या मुलीने आपला शेवटचा परिच्छेद बदलला आहे. रोमन रीतीचा जिला अनेक वर्षांचा सराव आहे ती पहिल्या दिवशी तीच रीत वेगाने वापरते, एवढेच आता त्यात आहे. विधान लहान झाले म्हणून ती थोडी हिरमुसली. पण सुट्टीत दोन मैत्रिणींना रोज थोडा वेळ इन्स्क्रिप्ट शिकवावयाचे व महिन्याने पुन्हा वेळ मोजावयाचा, असे तिने ठरविले आहे. आणि ह्या वेळी आधी कोणत्या रीतीने लिहावयाचे ते दोघींना वेगवेगळे देणार आहे.

हा लेखही, अर्थातच, खर्डा होता. तो मी वर्गातील दोघांना दोन निरनिराळ्या प्रतींवर दिला. एकाने ‘फ्लॅप’ ह्या शब्दाखाली रेघ मारून ‘येथे थांबलो’ असे लिहिले. कंसातील मजकूर त्यामुळे आला. दुसरीने शेवटच्या पानावर लिहिले आहे, ‘रिमोटवर लिहिणारा तो मुलगा आता कोठे आहे, हे शोधले, सापडले नाही.’ तो शाळा सोडून गेल्यास सात वर्षे झाली. त्याचा पत्ता जुन्या पटावरून काढून मी त्याला गेल्या सोमवारी पत्र घातले आहे, आणि तो खर्डा त्याच्यापाशी असल्यास मला पुन्हा वाचावयास द्यावा, असे लिहिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.